तक्रारपेटीला लावलेलं बूच

आमच्या ट्रकच्या वॉटर पंपाबद्दल माझी काहीही तक्रार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. या सगळ्या प्रकरणात नियमाला धरून वागला तो एकटा पंपच. २०२५ च्या जानेवारीत त्याने पहिल्यांदा कळवलं. आरडाओरडा नाही, धूर नाही. रोज सकाळी, ठरलेल्या जागी, चार-पाच थेंब. कचेरीत अर्ज द्यावा तसे. माझी तक्रार आहे ती अर्ज घेणाऱ्यांबद्दल. त्यांत पहिला नंबर माझाच लागतो, पण माझ्याकडे सावकाश येऊ.

गाडी सहा टायरची, २०१८ ची, बीएस-फोर. एकच आहे. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात पंधरा गाड्यांच्या धन्याला मालक म्हणतात आणि मलाही मालकच म्हणतात. फक्त मला म्हणताना खुर्ची पुढे सरकवत नाहीत. पुण्याच्या मार्केट यार्डातून किराणा भरायचा, कराडला उतरवायचा आणि येताना गूळ मिळाला तर गूळ, नाहीतर मिळेल ते घेऊन यायचं. वाटेत खंबाटकी. २०२५ मध्ये तिची खुबी अशी होती की पुण्याहून साताऱ्याकडे जाताना घाट चढायचा आणि साताऱ्याहून येताना बोगद्यातून सुळकन निघायचं. माझी गाडी जाताना काठोकाठ भरलेली असते आणि येताना बहुतेक वेळा निम्मी. रस्ता आखणाऱ्यांनी माझ्या भाड्याचं वेळापत्रक पाहूनच हे ठरवलं असावं.

तर थेंब. ते कुठून पडतात हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पंपाला एक दांडा असतो. त्याच्या आतल्या टोकाला पाणी ढकलणारी पाती, बाहेरच्या टोकाला पुली आणि पंखा, मध्ये बेअरिंग. पाती पाण्यात आणि बेअरिंग ग्रीसमध्ये. दोघांची गाठ पडू नये म्हणून मध्ये एक सील. सील कधी ना कधी झिजणारच, हे पंप बनवणाऱ्याला माहीत असतं. म्हणून सील आणि बेअरिंग यांच्या मधल्या जागेत, खालच्या अंगाला, तो पेन्सिलीच्या टोकाएवढं एक भोक मुद्दाम ठेवतो. सील गळायला लागलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता या भोकातून बाहेर ठिबकतं आणि मालकाला दिसतं. थोडक्यात, ही तक्रारपेटी. कारखान्यातूनच बसवून आलेली.

मी मिस्त्रींना थेंब दाखवले. मिस्त्री गाडीखाली गेले, बॅटरी मारली आणि म्हणाले, ‘मालक, बॉडीला भोक पडलंय.’

वॉटर पंपाला वॉटर पंप म्हणणारे लोक फक्त कंपनीच्या पुस्तकात राहतात. गॅरेजात ती वॉटर बॉडी, आणि लाडाने नुसती बॉडी. मी विचारलं, ‘पडलंय का आधीचंच आहे?’ मिस्त्रींनी माझ्याकडे दयेने पाहिलं. ‘कंपनी कशाला भोकाची गाडी विकेल?’ या प्रश्नाला उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्यांनी पोराला पिटाळून चाळीस रुपयांचं एम-सील आणवलं, दोन्ही रंगांचे गोळे एकत्र मळले, वाती वळाव्यात तशी एक वळी केली आणि अंगठ्याने भोकात दाबून बसवली. वरून ओल्या बोटाने गुळगुळीतही केली. काम नेटकं होतं. ‘आता एक थेंब पडायचा नाही,’ म्हणाले. आणि खरोखर एक थेंब पडला नाही. माणूस शब्दाला पक्का. नवा पंप तेव्हा साडेतीन हजारांच्या घरात होता आणि मी चाळीस रुपयांत सुटलो होतो. त्या रात्री मी घरी आइस्क्रीम नेलं, तेही दीडशेचं.

बाहेर जायची वाट बंद झाल्यावर पाणी आत गेलं. पाण्याचा यात दोष नाही. त्याने बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन काढलं आणि फेब्रुवारीच्या शेवटी इंजिनाच्या पुढच्या बाजूने जात्यावर दळण पडावं तसा आवाज यायला लागला. ड्रायव्हरकाका बावीस वर्षं गाडी चालवतात. त्यांचं निदान: पट्टा. त्यांनी चालत्या पट्ट्यावर अंगाच्या साबणाची वडी धरली. आवाज दोन दिवस सुवासिक झाला. मग त्यांनी पट्टा आणखी ताणून घेतला. पट्टा जास्त ताणला की सगळा ओढा त्याच बेअरिंगवर येतो. म्हणजे आजारी माणसाला उठवून त्याच्या डोक्यावर पोतं दिलं.

पाणी कमी होत होतं, ते आम्ही वरून भरत होतो. आधी कूलंट, मग अर्धं कूलंट अर्धं पाणी, मग नुसतं बोअरचं पाणी. आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, पण रेडिएटरला ते चालेल असं आम्हाला का वाटलं, कोण जाणे. कूलंट हे रंगीत पाणी आहे अशी ड्रायव्हरकाकांची श्रद्धा आहे. ते गंज धरू देत नाही, नळ्यांत क्षार बसू देत नाही, पाण्याचा उत्कलनबिंदू वर नेतं, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, ‘मालक, आमच्या वेळी विहिरीचं घालायचे.’ त्यांच्या वेळी इंजिनं दर दोन वर्षांनी बोअरला निघायची, हे सांगायला त्यांना सवड झाली नाही.

मार्चमध्ये काटा वर सरकायला लागला तेव्हा मिस्त्रींनी दुसरा इलाज केला: थर्मोस्टॅट काढून टाकला. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन ८० अंशांच्या आसपास तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी एक झडप. इंजिन लवकर कामाच्या उष्णतेला यावं, डिझेल नीट जळावं, यासाठी ती असते. ‘आपल्याकडे काय बर्फ पडतोय का?’ असं विचारत मिस्त्रींनी ती काढली आणि एका जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकली. डब्यात आधीच पंधरा-वीस थर्मोस्टॅट होते. आमच्या भागात बर्फ न पडल्याचा तो भरगच्च पुरावा.

एप्रिलच्या एका दुपारी, दीड वाजता, भरलेली गाडी घेऊन आम्ही खंबाटकीला लागलो. त्या दिवशी मीही बरोबर होतो, कारण माझं नशीब नेहमी माझ्याबरोबर प्रवास करतं. तिसऱ्या वळणाला काटा लाल रेघेला टेकला, पुढच्या वळणाला लाल दिवा लागला, आणि खामजाईच्या देवळाच्या अलीकडे गाडीने स्वतःच निर्णय घेतला. केबिन उचललं तर पंखा, मान नाही म्हणताना हलावी तसा, डुलत होता.

घाटात ट्रक बंद पडला की आपल्या समाजात किती तज्ज्ञ आहेत ते कळतं. पहिले गृहस्थ कारमधून न उतरताच म्हणाले, ‘ओव्हरलोड असेल.’ माझ्या खिशात वजनकाट्याची पावती होती. ती मी पुढे केली. कुणाला बघायची नव्हती. तेव्हापासून आजवर ती पावती मी सात जणांना दाखवायचा प्रयत्न केला आहे. दुसरे म्हणाले, डिझेलमध्ये भेसळ. तिसऱ्यांची स्वतःचीच नवी कोरी गाडी वाफा सोडत पुढच्या वळणावर उभी होती. ते वेळ जावा म्हणून आमच्याकडे आले होते आणि एसी बंद ठेवत जा म्हणाले. आमच्या गाडीला एसी नाही. एक तरुण म्हणाला, थंड पाणी मारा इंजिनावर. हा एकच सल्ला असा होता की तो ऐकला असता तर पुढचा लेख हेडला गेलेल्या तड्यावर लिहावा लागला असता.

ड्रायव्हरकाका गोणपाट घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला निघाले. ते झाकण आतला दाब धरून ठेवतं. म्हणूनच आतलं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो आणि सगळं एकदम उकळतं, थेट उघडणाऱ्याच्या तोंडावर. मी त्यांना हात धरून मागे ओढलं. ते रागावले. पाऊण तास आम्ही एकमेकांशी न बोलता सावलीत बसलो आणि मग थांबत, थंड होत, शिव्या खात घाट उतरून पलीकडच्या एका गॅरेजात पोचलो.

इथले मिस्त्री नवे. त्यांनी पंखा हाताने वरखाली हलवला. तो खडखडला. पुलीमागे बघितलं आणि विचारलं, ‘हे एम-सील कुणी लावलं?’ मी आणि ड्रायव्हरकाका दोघंही रस्त्याकडे बघायला लागलो.

‘बॉडी बदला. आणि हा फॅन क्लच पण बघा, तेल सोडतोय. दोन्ही एकदम बदला.’

आता मी स्वतःकडे येतो. मला वाटलं, हा आला धंद्यावर. एक गेलं म्हणून दुसरं कसं जाईल? वास्तविक पंप आणि क्लच एकाच दांड्यावर नांदतात. बेअरिंग ढिलं झालं की पंखा डुलतो, त्याचे दणके क्लच खातो. क्लच आधी गेला तर त्याचे दणके बेअरिंग खातं. नवरा-बायकोंपैकी एकाला पडसं झालं की दुसऱ्यालाही होतं, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे कळायला हवं होतं. मी म्हणालो, ‘सध्या बॉडीच करा.’ मिस्त्री म्हणाले, ‘बरं.’ या ‘बरं’चा अर्थ मला पंधरा दिवसांनी कळला.

पंप आणायला मी एसटीने पुण्याला निघालो. गाडीत ड्रायव्हरकाकांचा फोन आला. आवाज नीट येईना म्हणून मी ओरडून सांगितलं, ‘बॉडी अजून ताब्यात मिळाली नाही! संध्याकाळपर्यंत घेऊन येतो, मग लगेच उरकू!’ शेजारच्या बाई डोक्यावरून पदर घेऊन उठल्या आणि दुसऱ्या सीटवर जाऊन बसल्या. उतरताना त्यांनी मला हात जोडले. मीही जोडले. काय सांगणार?

नाना पेठेत सुट्या भागांची दुकानं खांद्याला खांदा लावून उभी आहेत. शेठनी पहिला प्रश्न केला: ‘नमुना आणलाय?’ नमुना म्हणजे जुना पंप. तो ऐंशी किलोमीटरवर इंजिनाला चिकटलेला होता आणि गाडी तिथून हलत नव्हती, त्यासाठीच तर नवा हवा होता. मी फोटो दाखवला. ‘फोटोत भोकं समजत नाहीत. चार का सहा?’ चेसिस नंबर दिला. ‘त्या सालात दोन टाइप येतात.’ कोणता टाइप ते नमुना बघून कळणार. शेवटी त्यांनी तीन खोकी मांडली. एक कंपनीचा, एक कंपनीला माल पुरवणाऱ्यांचा, एक नुसताच. फरक काय, असं विचारल्यावर शेठ म्हणाले, ‘भावात.’ इतकं प्रामाणिक उत्तर मला त्या दिवसात दुसरं मिळालं नाही. मी मधला घेतला. मध्यमवर्गीय माणूस तीन खोक्यांतलं मधलंच उचलतो.

भोकं जुळली. याचं श्रेय कुणाला द्यावं कळत नाही, कारण सहा भोकांचा हा पंप मी केवळ अंदाजाने आणला होता.

पंप बसवणं हे मिस्त्रींच्या शब्दांत ‘तासाभराचं काम’ होतं. त्यात पंख्याभोवतीचं कव्हर सोडवणं आलं. कव्हराच्या एका बोल्टला हात पोचत नाही आणि जिथे हात पोचतो तिथे पाना फिरत नाही. दहा नंबरचा पाना हरवला. तो सापडेपर्यंत चहा झाला. गंजलेला एक बोल्ट मान मोडून आत राहिला, तो ड्रिल मारून काढेपर्यंत दुसरा चहा झाला. मग फॅन क्लचचा नट. मिस्त्रींच्या पोराने पान्याला पाईप जोडला आणि लोंबकळला. नट हलेना. हातोडी झाली, छिन्नी झाली, डिझेल मारून झालं. अर्ध्या तासाने मिस्त्री जेवून आले आणि म्हणाले, ‘उलटे आटे आहेत रे त्याला.’ तोवर पोराने तो नट, कारखान्यालाही जमला नसता इतका, पक्का आवळून ठेवला होता. मजुरी मात्र तासावर नव्हती, कामावर होती. आवळायचेही पैसे मीच दिले आणि सोडवायचेही.

रेडिएटरचा खालचा पाईप काढला तेव्हा तांबडं, गढूळ, किंचित हिरवट पाणी बदाबदा जमिनीवर आलं. गॅरेजचं कुत्रं वास घेत आलं. इथे मी खरंच ओरडलो. कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असतं. चवीला गोड आणि जनावराला घातक. ते पाणी उघड्यावर सोडणं ही आपल्या गॅरेजांची जुनी सवय आहे आणि त्याबद्दल मला गंमत सुचत नाही. मी कुत्र्याला हाकललं आणि वर माती टाकली. मिस्त्रींनी पोराला डोळ्यांनीच विचारलं, हे मालक नेहमीच असे असतात का?

नव्या कूलंटने गाडी भरली, सावकाश भरली, हवा निघून जाईपर्यंत इंजिन चालू ठेवून पुन्हा भरली. नवा थर्मोस्टॅटही मी हट्टाने बसवून घेतला. काटा मधोमध उभा राहिला. पंधरा दिवस राहिला. मग मे महिन्यात त्याच घाटात, त्याच देवळाच्या अलीकडे, तो पुन्हा लाल रेघेकडे बघायला लागला.

‘क्लच,’ मिस्त्री म्हणाले. ‘बोललो होतो’ असं ते म्हणाले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. त्याऐवजी त्यांनी माझ्या हातातलं वर्तमानपत्र मागून घेतलं. फॅन क्लचमध्ये घट्ट सिलिकॉनचं तेल असतं. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की पुढची धातूची गुंडाळी आतली झडप उघडते, तेल खाचांमध्ये भरतं आणि पंख्याला बरोबर ओढून नेतं. इंजिन थंड असताना पंखा आपला निवांत फिरतो आणि डिझेल वाचतं. तेल गळून गेलं की पंखा कायमचाच निवांत होतो. तो किती निवांत आहे हे बघण्यासाठी मिस्त्रींनी माझ्या रविवारच्या पुरवणीची घट्ट गुंडाळी केली आणि तापलेल्या इंजिनावर, चालत्या पंख्यात घातली. हा प्रयोग कुणी करू नये. मिस्त्रींनीही करायला नको होता. क्लच ठीक असता तर कागदाच्या चिंध्या व्हायला हव्या होत्या. पंखा पुरवणीला टेकला आणि थांबला. ‘बघा,’ मिस्त्री म्हणाले. पुरवणीला ओरखडाही नव्हता. शब्दकोडं अजून सोडवता आलं असतं.

क्लच मिळायला आठ दिवस लागणार होते. ‘तोवर डायरेक्ट करून देतो,’ म्हणून त्यांनी क्लच बोल्ट मारून जाम केला. आता पंखा इंजिनाबरोबर कायम पूर्ण वेगाने फिरायला लागला. केबिनमध्ये विमान उडण्याच्या तयारीत असल्यासारखा आवाज, आणि लिटरला सव्वासहा देणारी गाडी साडेपाचवर आली. ड्रायव्हरकाकांना मात्र हे फार आवडलं. ‘आता कशी गाडी वाटते,’ म्हणाले. घरी परतल्यावर दोन दिवस ते मोठ्याने बोलत होते.

क्लच साडेसात हजारांचा. मला प्रामाणिकपणाची हौस, म्हणून पक्कं बिल मागितलं आणि २८ टक्के जीएसटी भरला. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून सुट्या भागांवरचा कर १८ टक्के झाला. त्याबद्दल सरकारचं अभिनंदन करतो.

खोक्यावर बाणाची खूण होती: उभा ठेवा. आडवा ठेवला तर आतलं तेल नको तिथे झिरपतं. म्हणून स्वारगेटपासून मी तो क्लच मांडीवर उभा धरून आणला. कंडक्टर म्हणाले, ‘पाहुणे, सामान वर टाका.’ मी म्हणालो, आडवं चालत नाही. ‘मग खाली ठेवा.’ गाडी हादरते, पडेल म्हणालो. त्यांनी खोक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मूर्तीबिर्ती असेल असं समजून पुढे गेले. गॅरेजात पोचल्यावर मिस्त्रींच्या पोराने माझ्या हातातून खोकं घेतलं आणि बाकावर आडवं टाकलं.

पुन्हा कव्हर सुटलं. तोच हात न पोचणारा बोल्ट, तोच दहा नंबरचा पाना, तोच नट, यावेळी बरोबर दिशेने. पुन्हा तीच मजुरी. दोन्ही एकदम केले असते तर ती एकदाच लागली असती, हे मिस्त्री बोलले नाहीत. मीही घरी बोललो नाही. हा लेख घरात कुणी वाचणार नाही, या भरवशावर लिहितो आहे.

गाडी आता नीट आहे. जुना पंप मी घरी आणला. परवा भंगारवाला आला होता. त्याने पंप उलटासुलटा केला आणि म्हणाला, ‘हे एम-सील काढून द्या, याचं वजन धरणार नाही.’ आम्ही दोघांनी छिन्नी-हातोडी घेऊन अर्धा तास घालवला. पंपाचा एक कान तुटला. एम-सील जागचं हललेलं नाही.